सातबाऱ्याबाहेरची आपत्ती

निसर्गाला जात नसते, पूर आणि भूकंप सर्वांना सारखेच, असे वाक्य आपल्या पाठ्यपुस्तकांत, पुढाऱ्यांच्या भाषणांत आणि मदतफेरीच्या पत्रकांत नेहमी आढळते. मी लातूर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी महाविद्यालयात भूगोल शिकवतो. पहिली काही वर्षे मीही हे वाक्य वर्गात निःशंकपणे उच्चारीत होतो. एकदा आपत्ती व्यवस्थापनाचा पाठ शिकवताना तालुक्याच्या आराखड्यातील नकाशा मी फळ्यावर लावला. तास संपल्यावर एक विद्यार्थिनी नकाशापाशी येऊन बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "सर, ह्याच्यात आमची वस्ती कुठंय?" नकाशात तिच्या गावाच्या जागी एक ठिपका होता. ठिपक्याला वेस नसते, गावकूस नसते, वरची आळी नसते आणि ओढ्याकाठची वस्तीही नसते. त्या दिवशी मला उत्तर देता आले नाही. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर होय.

प्रश्न साधा आहे. एखाद्या ग्रामीण जिल्ह्यात नैसर्गिक आपत्तीची जोखीम किती आहे, हे ठरवायचे कसे? ते ठरवताना कोणते माप वापरले जाते? आणि त्या मापात गावकुसाबाहेरचा माणूस बसतो काय?

प्रथम शब्दांचा अर्थ नीट लावून घेऊ, कारण शब्दांच्या गोंधळात पुष्कळ अन्याय लपून राहतो. भूकंप, पूर, गारपीट, वीज, अवर्षण हे धोके आहेत. धोका म्हणजे आपत्ती नव्हे. ओसाड माळावर वीज पडली तर ती निसर्गातील एक घटना असते. त्या माळावर सोयाबीन काढणाऱ्या दहा बाया असल्या तर ती आपत्ती होते. तेव्हा दुसरी गोष्ट पाहावी लागते ती अशी की, धोक्याच्या वाटेत कोण उभे आहे? आणि तिसरी गोष्ट, जो वाटेत आहे तो किती असुरक्षित आहे? त्याचे घर कशाचे, त्याला इशारा कळतो की नाही, पळायला वाट आहे की नाही, पडल्यावर उठण्यासाठी गाठीशी काय आहे? धोका, वाटेत असणे आणि असुरक्षितता या तिन्हींचा गुणाकार म्हणजे जोखीम. बेरीज नव्हे, गुणाकार. यातील एक अंक मोठा झाला की सबंध उत्तर मोठे होते. पाऊस वरच्या आळीत आणि खालच्या वस्तीत सारखाच पडतो. पण बाकीचे दोन अंक कोणी ठरवले? ते निसर्गाने ठरवलेले नाहीत. गावाची रचना, जमिनीची मालकी आणि जात यांनी ते ठरवलेले आहेत. म्हणून निसर्गाला जात नसते हे वाक्य खरे असले तरी अपुरे आहे. निसर्गाला जात नसते, जोखमीला असते.

आमच्या जिल्ह्यात या विषयाची सुरुवात किल्लारीपासूनच करावी लागते. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमाराला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून माणसे थकून झोपली होती. सुमारे ६.२ तीव्रतेच्या धक्क्याने लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील बावन्न गावे जवळजवळ भुईसपाट झाली. मृतांचा एक सरकारी आकडा आठ हजारांच्या घरात आहे, तर काही अहवालांत तो पावणेदहा हजारांच्या जवळ जातो.

त्या वेळी देशाच्या भूकंपप्रवणतेच्या नकाशात हा टापू पहिल्या, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या विभागात होता. दख्खनचे पठार स्थिर आहे, अशी समजूत होती. डिसेंबर १९६७ मध्ये कोयनेने या समजुतीला एकदा तडा दिला होता, पण नकाशा मराठवाड्याविषयी निश्चिंत राहिला. आणि माणसे? १९९२ च्या शेवटच्या महिन्यांत किल्लारीच्या परिसरात लहान लहान हादरे बसत होते, जमिनीतून आवाज येत होते, लोक घाबरून घराबाहेर झोपत होते. जमीन बोलत होती आणि माणसे ऐकत होती. नकाशाच्या भाषेत मात्र त्याला फारसे मोल नव्हते. पुढे २००२ साली सुधारलेल्या नकाशात पहिला विभागच रद्द झाला आणि हा भाग तिसऱ्या विभागात गेला. म्हणजे नकाशा दुरुस्त व्हायला आधी हजारो माणसे मरावी लागली. जोखमीचे मूल्यमापन करणाऱ्याने हा पहिला धडा घ्यावा. नकाशा हा अंतिम शब्द नसतो, आणि लोकांची आठवण हाही पुरावा असतो.

भूकंप झाला तेव्हा मी तीन वर्षांचा होतो. मला त्यातले काही आठवत नाही. जे आहे ते आजीने सांगितलेले. आमचे घर कुडाचे होते. तुराट्यांचा कूड, वर पाचटाचे छप्पर. गावातली घरे दोन-दोन, तीन-तीन फूट जाडीच्या दगडी भिंतींची. दगडांत चुना नाही, मातीचा गारा. वर लाकडी माळवद आणि माळवदावर पांढऱ्या मातीचे थर. गळू नये म्हणून दर काही वर्षांनी नवा थर चढे आणि छपराचे ओझे वाढत जाई. उन्हाळ्यात ही घरे थंडगार असत. गावात ज्याचे माळवद मोठे त्याची पत मोठी. धक्का बसताच मातीतले दगड सुटले आणि ते सबंध ओझे झोपलेल्या माणसांवर आले. कुडाची झोपडी हलली, कलली, पण तिच्यात मारण्याइतके वजनच नव्हते. आजी म्हणायची, "लेकरा, दगडानं त्यांना मारलं अन् कुडानं आपल्याला राखलं." हे सांगताना तिच्या बोलण्यात आनंदाचा लवलेश नसे. ज्यांच्या वाड्यावर तिने जन्मभर शेण-सारवण केले, त्यांचीच लेकरे आमच्या वस्तीतल्या माणसांनी ढिगाऱ्याखालून उपसून काढली. त्या दिवशी कोणी विटाळ मानला नाही, असेही ती सांगे. पुढे ती थांबे आणि म्हणे, "तिसऱ्या दिवशी पाण्याची रांग पुन्हा येगळी झाली."

यावरून कोणी असे म्हणू नये की, गरिबी ही भूकंपावरची ढाल आहे. तोच कूड पुरात वाहून जातो, वाऱ्यात उडतो, एका ठिणगीने पेटतो. फेब्रुवारी-मार्च २०१४ च्या गारपिटीत पत्र्याखाली राहणाऱ्या माणसांना आपले घर किती पातळ आहे हे कळून चुकले. सांगायचे ते इतकेच की, घर मजबूत की कच्चे, हा प्रश्न धोक्याचे नाव घेतल्यावाचून विचारताच येत नाही. जनगणनेतील 'पक्के घर' आणि 'कच्चे घर' हे रकाने जोखीम सांगत नाहीत. कोणत्या धोक्यापुढे कोणते घर, असा तक्ता मांडावा लागतो. दगड-मातीचे घर भूकंपापुढे सर्वांत दुबळे, कुडाचे घर पूर आणि आगीपुढे दुबळे, पत्र्याचे घर वारा आणि गारांपुढे.

खरी गोष्ट पुढेच आहे. भूकंपाने मारताना सातबारा पाहिला नाही. पुनर्वसनाने पाहिला. जागतिक बँकेच्या साहाय्याने जो पुनर्वसनाचा कार्यक्रम राबवला गेला, त्यात उद्ध्वस्त गावे नव्या जागी वसवताना घराचा आकार कुटुंबातील माणसांवर ठरला नाही, जमिनीवर ठरला. भूमिहीनाला आणि एक हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला २५० चौरस फूट. एक ते सात हेक्टरवाल्याला ४०० चौरस फूट. सात हेक्टरांवरच्याला ७५० चौरस फूट. याचे समर्थन असे केले जाई की, शेतकऱ्याला अवजारे आणि धान्य ठेवायला जागा लागते. मान्य. पण भूमिहीनाच्या घरी माणसे नसतात काय? मोडलेले गाव नव्याने वसवताना कोरा कागद हाती होता. त्या कोऱ्या कागदावर पहिली रेघ ओढली गेली ती जुन्या मालकीची. मी पाहिलेल्या नव्या गावांत सारख्या आकाराच्या घरांच्या सलग रांगा आहेत, आणि अडीचशे फुटांची रांग बहुतेक ठिकाणी दलितांची रांग आहे. गावकूस पडले, त्याची जागा चौरस फुटांनी घेतली.

आता या मापाचा पुढचा प्रवास पाहा. आमच्या घराला २५० चौरस फूट मिळाले. आजी, आई-वडील, दोन चुलते, आम्ही भावंडे. मोठ्या चुलत्याचे लग्न झाले, मग धाकट्याचे. एका घरात तीन चुली कशा मांडणार? धाकटा चुलता गावाबाहेर गायरानात ओढ्याच्या कडेला पत्रे ठोकून राहू लागला. त्याच्यामागून आणखी घरे आली. आज तिथे एक लहानशी वस्ती आहे. सप्टेंबर २०२१ च्या अखेरीस मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, मांजरा धरणाचे दरवाजे उघडावे लागले, लहानमोठे ओढे फुगले. चुलत्याच्या घरात रात्री कमरेइतके पाणी आले. धान्य गेले, एक शेळी गेली, पोरांची दप्तरे गेली. पाणी ओसरल्यावर पंचनामा करायला माणूस आला. त्याने शेतांचे पंचनामे केले, गावातल्या पडलेल्या भिंतींचे केले. ओढ्याकाठी आल्यावर म्हणाला, "जागा तुमच्या नावावर नाही. हे अतिक्रमण आहे."

१९९३ च्या भूकंपातून वाचलेले माझे घर २०२१ च्या पुरात सापडले, यात योगायोग काही नाही. मधल्या काळात एक माप काम करीत होते. जमीन नाही म्हणून लहान घर. लहान घर म्हणून ओढ्याकाठ. ओढ्याकाठ म्हणून पूर. आणि पूर आल्यावर, जमीन नाही म्हणून पंचनामा नाही. वर्तुळ पुरे झाले. जोखीम अशी तयार होते. तिला आभाळातून पडण्याची गरज नसते.

पुराविषयी एक तांत्रिक गोष्ट आपल्या कार्यकर्त्यांना माहीत असलीच पाहिजे. नदीकाठी पाटबंधारे खाते दोन रेषा आखते. ढोबळमानाने सांगायचे तर निळी पूररेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल पूररेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. 'शंभर वर्षांतून एकदा' या शब्दांनी फसगत होते. आजोबांच्या काळात पूर येऊन गेला, आता आपल्या हयातीत नाही, असे माणसे समजतात. त्याचा अर्थ तसा नाही. अर्थ असा की, तेवढा पूर येण्याची शक्यता दर वर्षी शंभरात एक. लागोपाठ दोन वर्षेही तो येऊ शकतो. लाल रेषेवर घर बांधून एक माणूस तीस वर्षे राहिला, तर त्या तीस वर्षांत एकदा तरी तेवढा पूर पाहण्याची शक्यता शंभरात सुमारे सव्वीस, म्हणजे चारात एक. निळ्या रेषेवर राहिला तर शंभरात सत्तर. हे गणित दहावीच्या मुलाला समजावून देता येते. परंतु या रेषा मोठ्या नद्यांच्या काठी, त्यातही शहरांपाशी आखल्या जातात. आमच्यासारख्यांच्या वस्त्या ज्या ओढ्या-नाल्यांच्या काठी आहेत, त्यांना सहसा रेषाच नसते. आणि जिथे रेषा असते तिथे तिचा पहिला उपयोग वस्तीला वाचवण्यासाठी होत नाही, वस्ती बेकायदा ठरवण्यासाठी होतो. रेषेच्या आत घर का आले, हा प्रश्न घरवाल्याला विचारला जातो. त्याला रेषेबाहेर जागा कोणी दिली नाही, हा प्रश्न कोणालाच विचारला जात नाही.

अवर्षणाचे मापही असेच पाहिले पाहिजे. दुष्काळ आहे की नाही हे आपल्याकडे कित्येक दशके आणेवारीने, पुढे पैसेवारीने ठरत आले. पन्नास पैशांच्या खाली पीक गेले की टंचाई. केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेने पावसाची तूट, जमिनीतील ओल, उपग्रहावरून दिसणारी पिकांची स्थिती असे नवे निर्देशांक आणले. शास्त्र पुढे गेले हे चांगलेच झाले. परंतु मोजले काय जाते? पीक. पीक कोणाचे? ज्याचे शेत त्याचे. जिला शेतच नाही, तिचे बुडते ते पीक नव्हे, बुडतात रोजगाराचे दिवस. खुरपणी झाली नाही, काढणी झाली नाही, कापूस वेचायला कोणी बोलावले नाही. या बुडालेल्या दिवसांची पैसेवारी कोणी काढली आहे काय?

एकदा मात्र या राज्याने माप बदलले होते, आणि त्याचे स्मरण ठेवले पाहिजे. १९७२ च्या दुष्काळात लाखो माणसे खडी फोडायला रस्त्यावर आली. त्या अनुभवातून आणि चळवळींच्या रेट्यातून रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला, १९७९ पासून अमलात आला. त्या कायद्याने विचारलेला प्रश्न वेगळा होता. तुझे किती पीक बुडाले असे त्याने विचारले नाही. तुझ्या हाताला काम आहे काय, असे विचारले. त्या कायद्याची अंमलबजावणी कशी झाली हा स्वतंत्र विषय आहे. पण माप बदलता येते, ते निसर्गनियमासारखे अटळ नसते, हे त्याने सिद्ध केले.

पाण्याचेही तेच. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आले. पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. साऱ्या देशाने ते चित्र पाहिले. त्याच्या आधी मार्च महिन्यात पाण्याच्या ठिकाणी भांडणे होऊ नयेत म्हणून लातूरात जमावबंदी लावावी लागली होती. शहराची ही कथा, तर खेड्यात टँकर आल्यावर काय होत असेल? टँकर विहिरीत रिकामा होतो. विहीर कोणत्या आळीत आहे? पहिली बादली कोणाची? वस्तीपासून तिथवर किती पावले? २० मार्च १९२७ रोजी महाडला जे पाणी प्यायले गेले, त्याचा हक्क कागदावर केव्हाच आला. दुष्काळात तो हक्क पुन्हा रोज मिळवावा लागतो. 'गावाला टँकर सुरू' एवढी नोंद आराखड्यात असते. ती नोंद पुरेशी नाही.

येथे एका जुन्या वादाची आठवण करणे योग्य होईल. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहार आणि नेपाळमध्ये प्रचंड भूकंप झाला. अस्पृश्यतेच्या पापाची ही ईश्वरी शिक्षा आहे, असे गांधीजींनी जाहीरपणे म्हटले. रवींद्रनाथ ठाकुरांनी त्याला हरकत घेतली. भौतिक घटनांची कारणे भौतिकच असतात, त्यांना नैतिक शिक्षेचे रूप देणे अविवेकाचे आहे, असे त्यांचे म्हणणे होते. विज्ञानाच्या बाजूने पाहता ठाकुरांचे म्हणणे निःसंशय बरोबर. शिवाय, ज्या भूकंपात अस्पृश्यही मेले तो अस्पृश्यतेची शिक्षा कसा, हा प्रश्न उरतोच. पण या वादात दोन्ही बाजूंनी पाहिले ते भूकंपाच्या कारणाकडे. आपला प्रश्न निराळा आहे. जातीमुळे जमीन हलत नाही. पण जमीन हलल्यावर कोण कोठे झोपलेला होता, कोणाच्या डोक्यावर काय होते, पहिली ताडपत्री कोणाला मिळाली आणि दहा वर्षांनी कोण उभा राहिला, हे ठरवण्यात जातीचा हात असतो. हा ईश्वरी न्यायाचा विषय नाही. हा हिशेबाचा विषय आहे, आणि हिशेब तपासता येतो.

तर हिशेब कसा केला जातो ते पाहू. आराखड्यांत बहुधा असे कोष्टक असते. प्रत्येक धोक्याला शक्यतेचे एक ते पाच गुण, परिणामाचे एक ते पाच गुण, आणि दोहोंचा गुणाकार. दिसायला निर्दोष. परंतु परिणाम कशात मोजायचा? रुपयांत मोजला की सारे चित्र पालटते. उदाहरण म्हणून समजा, एका बागायतदाराचे पुरात दोन लाखांचे नुकसान झाले आणि एका विधवेच्या दोन शेळ्या वाहून गेल्या. रुपयांच्या तराजूत बागायतदाराचे नुकसान कितीतरी मोठे. पण त्याला कर्ज मिळते, विमा असतो, पुढचा हंगाम असतो. ती विधवा मुकादमाकडून उचल घेते आणि त्या उचलीपायी ऊसतोडीला जाते. पोराची शाळा सुटते. तिचे नुकसान दोन शेळ्यांचे नव्हे, एका पिढीचे आहे. ज्याच्याजवळ मुळातच थोडे आहे, त्याचे नुकसान रुपयांत नेहमी थोडेच दिसणार. म्हणून परिणाम मोजताना किती गेले यापेक्षा काय उरले आणि उठायला किती काळ लागेल, हे विचारले पाहिजे.

ऊसतोड निघाली म्हणून आणखी एक गोष्ट. दिवाळीच्या आसपास आमच्या भागातील कितीतरी वस्त्या रिकाम्या होतात आणि उन्हाळ्याच्या तोंडी माणसे परत येतात. मधल्या काळात गारपीट झाली तर पंचनाम्याच्या दिवशी दाराला कुलूप. कुलपाचा पंचनामा होत नाही. आणि फडावरच्या खोपीत ज्या माणसांवर गारा पडतात, ती माणसे त्या जिल्ह्याच्या आराखड्यात नसतात, कारण ती तिथली नाहीत. दोन जिल्ह्यांच्या दोन कागदांमध्ये एक माणूस गळून पडतो. विजेचेही असेच. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने 'दामिनी' नावाचे मोबाइलवरचे साधन तयार केले आहे. वीज पडण्याआधी ते इशारा देते. उत्तम. पण मोबाइल बांधावरच्या मालकाच्या खिशात असतो आणि बाई शेताच्या मध्यावर असते. काम थांबवण्याचा अधिकार तिचा नसतो. पाऊस आला की ती झाडाखाली जाते, कारण शेतात दुसरा आडोसा नाही. इशारा पोचणे म्हणजे मोबाइल वाजणे नव्हे. काम सोडून सुरक्षित जागी जाता येणे म्हणजे इशारा पोचणे. शेतात आडोसा नसणे आणि मजुरी कापली जाण्याचे भय, ही दोन्ही जोखमीच्या हिशेबात आली पाहिजेत.

कायदा काय म्हणतो? आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ च्या कलम ३१ प्रमाणे प्रत्येक जिल्ह्याचा आराखडा असलाच पाहिजे आणि जिल्ह्यातील कोणते भाग कोणत्या आपत्तीला बळी पडण्याजोगे आहेत, हे त्यात सांगितलेच पाहिजे. जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात आणि जिल्हा परिषदेचे अध्यक्ष सहअध्यक्ष. याच कायद्याच्या कलम ६१ ने मदत व भरपाई देताना लिंग, जात, समुदाय, वंश किंवा धर्म यांवरून भेदभाव करण्यास मनाई केली आहे. हे कलम आपल्या कार्यकर्त्यांना ॲट्रॉसिटीच्या कायद्याइतके पाठ असावयास हवे. पण त्याची मर्यादाही ओळखली पाहिजे. ते मदत वाटतानाच्या भेदभावाला बंदी करते. भेदभाव मापातच असला, तर वाटणारा प्रामाणिक असूनही वाटप विषम होते. जात न विचारता केवळ सातबारा विचारला की काम भागते. डिसेंबर २०२० मध्ये राज्य शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. स्वागतार्ह निर्णय. नाव बदलले, तरी वस्तीची पातळी ओढ्यापासून एक वीतही उंच झाली नाही.

मग आपण काय करावे? केवळ तक्रार करून थांबणे मला मान्य नाही. त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नानंतर आम्ही काही मुले-मुली मिळून तिच्या वस्तीचे मूल्यमापन स्वतः केले. त्याची रीत येथे सांगतो. तिला पैसा लागत नाही. वही, पेन्सिल, मोजपट्टी आणि दोन-तीन रविवार लागतात.

आधी म्हाताऱ्या माणसांना बसवून आठवणींचा तक्ता करावा. कोणत्या साली पाणी कोठवर आले, गारा केव्हा पडल्या, आग केव्हा लागली. साल आठवत नसेल तर कोणाच्या लग्नाच्या वेळी, कोणत्या पोराच्या जन्माच्या वेळी असे विचारावे, साल निघते. पाण्याची पातळी भिंतीवर किंवा खांबावर रंगाने खुणावून जमिनीपासूनची उंची लिहावी. ज्या ओढ्याला सरकारची पूररेषा नाही, त्याला ही वस्तीची पूररेषा. मग वस्तीतून शाळेपर्यंत, दवाखान्यापर्यंत, डांबरी रस्त्यापर्यंत चालत जावे आणि पाणी आल्यावर वाट कोठे तुटते ते नोंदवावे. आमच्या पाहणीत त्या वस्तीतून बाहेर पडायला एकच फरशी-पूल निघाला, आणि तोच सर्वांत आधी पाण्याखाली जाई. नंतर घरोघर जाऊन प्रत्येक धोक्यापुढे घर कसे आहे ते लिहावे. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या, गरोदर बाया, अपंग, अंथरुणाला खिळलेली माणसे यांची यादी आणि त्यांना उचलून कोण नेणार त्याचे नाव लिहावे. पाणी कोठून येते, रांगेत आपला क्रमांक केव्हा लागतो, तेही लिहावे. कोणत्या महिन्यांत किती घरांना कुलूप असते, ते लिहावे. सर्वांत शेवटी कागद. कोणाजवळ रेशनकार्ड आहे, कोणाची जागा नावावर आहे, कोण किती वर्षे राहतो आणि त्याचा पुरावा काय. कागद पुरात आधी भिजतात, म्हणून त्यांच्या प्रती शाळेत किंवा बुद्धविहारात उंचावर ठेवाव्यात.

ही वही ग्रामसभेत वाचावी आणि ठरावात नोंदवून घ्यावी. ठरावाची प्रत तहसील कार्यालयात देऊन पोच घ्यावी. जिल्ह्याच्या आराखड्याचा दर वर्षी आढावा घेण्याची कायद्यात तरतूद आहे. त्या वेळी ही वही पुढे ठेवावी आणि आमच्या वस्तीचे नाव यात कोठे आहे, असे लेखी विचारावे. उत्तर आले नाही तर माहितीच्या अधिकारात विचारावे. यात एक भय आहे, ते लपवून ठेवणार नाही. आपणच आपली वस्ती पूरक्षेत्रात असल्याचे लिहून दिले, तर उद्या तोच कागद दाखवून आपल्याला उठवतील, असे माणसे म्हणतात. वस्तीतल्या बैठकीत हा प्रश्न मला विचारला गेला आणि तो खोटा नाही. म्हणून ठरावात दोन वाक्ये एकत्रच असली पाहिजेत: ही जागा धोक्याची आहे, आणि पर्यायी जागा नावावर दिल्यावाचून येथून कोणालाही हलवू नये. पहिले वाक्य दुसऱ्यावाचून कधीही लिहून देऊ नये.

शिक्षकांना माझी विनंती आहे. पर्यावरणाचे प्रकल्प म्हणून मुले दर वर्षी छापील पुस्तकांतून त्सुनामीची आणि ज्वालामुखीची चित्रे कापून चिकटवतात. मराठवाड्यात त्सुनामी येणार नाही. त्यांना त्यांच्याच ओढ्यावर न्या. सबंध गाव मोजायला सांगा. वरची आळीही आणि खालची वस्तीही. दोन्हींचे तक्ते शेजारी शेजारी मांडले की जातिव्यवस्थेवर वेगळे भाषण करावे लागत नाही.

त्या विद्यार्थिनीने त्या वर्षी आपल्या गावाचा नकाशा स्वतः काढला. ठिपक्याच्या जागी घरे काढली, ओढा निळा काढला, फरशी-पुलावर लाल खूण केली आणि खालच्या कोपऱ्यात, ओढ्याच्या वळणावर, आपले घर दाखवून त्यावर आईचे नाव लिहिले. तिचा नकाशा महाविद्यालयाच्या भिंतीवर आहे. तहसीलच्या भिंतीवर तो अजून लागलेला नाही. माझा चुलताही अजून ओढ्याकाठीच राहतो, आणि सप्टेंबर आला की आई मला रात्री फोन करून विचारते, "पाणी कुठवर आलं म्हणं?" आमच्या ठरावाची पोच माझ्या कपाटात आहे. पुढच्या आढाव्याला आम्ही ती घेऊन जाणार आहोत.